चिकटवलेलं पान

सदस्य क्रमांक : १७. नाव : स्कोपाल, विलेम. वय : बावन्न पूर्ण. व्यवसाय : पाणीपुरवठा कार्यालयात मीटरवाचक. विवाहित, एक कन्या, तीही विवाहित. उंची मध्यम, बांधा मजबूत, डाव्या पोटरीवर कुत्रा चावल्याची खूण (सेवेत असताना). पाठपिशवी : हिरवी, साठ लिटर, १९९६ पासून तीच. मंडळातील जबाबदारी : पायवाटांवरील लाल व पिवळ्या खुणा रंगवणे. नोंदलेले एकूण अंतर : अकरा हजार चारशे सहा किलोमीटर. शिक्क्यांच्या वह्या : नऊ. नेहमीचा सहप्रवासी : होशेक, रादिम (सदस्य क्रमांक १८). पर्यायी सहप्रवासी : नाही. स्वभाव : शांत, सहकारी वृत्तीचा. अन्य सदस्यांविरुद्ध तक्रार : नाही.

ही नोंद आमच्या ल्होत्का पदभ्रमण मंडळाच्या दप्तरात आहे. विलेमने ती स्वतःच्या हाताने भरली आहे. 'पर्यायी सहप्रवासी' हा रकाना छापील अर्जात नव्हताच. तो त्याने पट्टी घेऊन आखला आणि मग त्यात 'नाही' असं लिहिलं.

आमच्याकडचा माणूस पाठीला पिशवी लावून डोंगरावर जातो तो देखावा बघायला, असं परक्यांना वाटतं. देखावा असतोच. पण तो जातो शिक्क्यासाठी. आमच्या देशात प्रत्येक किल्ल्यावर, टेहळणीच्या मनोऱ्यावर, जंगलातल्या खानावळीत, इतकंच काय आडगावच्या रेल्वे स्टेशनातसुद्धा एक रबरी शिक्का आणि एक शाईची गादी असते. तो वहीत उमटला की तुम्ही तिथे गेलात. नाही उमटला, तर गेला असाल, आम्हाला काय ठाऊक? मंडळाच्या वहीची पानं क्रमांक घातलेली असतात. शिक्क्याखाली तारीख आणि सोबत कोण होतं त्याची आद्याक्षरं लिहायची, आणि पान फाडायचं नाही. हा न फाडण्याचा नियम दोन हजार तीन साली झाला. तो का करावा लागला ते त्या वेळच्या अध्यक्षांच्या पत्नी अजून हयात असल्यामुळे इथे सांगत नाही.

विलेम आणि रादिम शाळेत एका बाकावर होते. रादिम सायकली दुरुस्त करतो. त्याचं दुकान बाजारचौकातच आहे, आणि ते उघडं असेल तेव्हा निम्मं गाव काही ना काही कारण काढून तिथे उभं असतं. रादिम विनोद सांगत नाही, गातही नाही, कोणाच्या उपयोगी पडतो असंही नाही. पण तो असला की लोकांना बरं वाटतं. विलेम सगळ्यांच्या उपयोगी पडतो. त्याच्याभोवती कोणी उभं राहत नाही.

नव्व्याण्णव साली दोघं पिशव्या पाठीला लावून क्राकूवला गेले, आणि तिथून परतताना आगगाडीत त्यांनी एक ठरवलं : दरवर्षी मे महिन्यातल्या सुट्टीला एकेक रजा जोडायची आणि चार दिवसांसाठी एक शहर करायचं. नवीन शहर पहिल्यांदा करायचं ते दोघांनी मिळूनच. एकट्याने नाही, बायकोबरोबर नाही, दुसऱ्या कोणाबरोबर तर नाहीच. ठरवलं विलेमने. रादिम 'बरं' म्हणाला. पुढची सव्वीस वर्षं हेच चाललं : विलेमने शहर ठरवायचं, गाड्या शोधायच्या, नकाशावर रेघा मारायच्या, रादिमने 'बरं' म्हणून पिशवी उचलायची. दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या खाली ते कधी आले नाहीत. लुब्लियाना, ग्रात्स, ल्युबेक, गेंट. ही शहरं त्यांनी ज्या वेगाने पाहिली त्या वेगाने शत्रूसुद्धा शहर घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात इवो द्रापाल नावाचा दातांचा डॉक्टर राहायला आला आणि लगेच मंडळाचा सदस्य झाला. वय अडतीस, उंची जवळजवळ दोन मीटर. त्याच्या पाठपिशवीचं वजन साडेचार किलो भरतं, आणि हे तो न विचारता सांगतो. वजन वाचवण्यासाठी तो दात घासायच्या ब्रशाची मूठ करवतीने कापतो आणि चहाच्या पुड्यांचे दोरे तोडतो. रादिमच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तो सायकलची घंटा काढून टाकायला. तिचं वजन त्याला सोसत नव्हतं. तेव्हापासून तो तिथे उभा असतो.

विलेम त्याला 'दातवाला' म्हणतो. गेल्या हिवाळ्यात विलेमची दाढ ठणकत होती, तेव्हा दातवाल्याचा दवाखाना चार घरं टाकून असताना हा माणूस चाळीस किलोमीटर लांब यिहलावाला गेला आणि तिथे तीन तास रांगेत बसला. बायकोने विचारलं तर म्हणाला, "तिकडचे डॉक्टर मुळापर्यंत जातात."

या वर्षी एप्रिलमध्ये वार्षिक सभेनंतर बिअर पिताना रादिम अचानक म्हणाला, "या वेळी त्रिएस्ते करू या का?"

सव्वीस वर्षांत शहराचं नाव रादिमने काढलं असं पहिल्यांदाच घडत होतं. विलेम इतका हरखला की त्याने बिअर बाजूला सारली. "का रे, त्रिएस्ते का?" त्याने विचारलं.

"समुद्र आहे," रादिम म्हणाला.

आम्हाला समुद्र नाही. एवढं कारण कोणालाही पुरतं. विलेमने त्याच रात्री नकाशा मागवला.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी सकाळी दोघं निघाले आणि व्हिएन्नाला गाडी बदलून दक्षिणेकडे लागले. विलेमच्या बायकोने, यार्मिलाने, रिवाजाप्रमाणे रिझेक तळून दिले होते. ब्रेडचा चुरा लावून तळलेले डुकराच्या मांसाचे हे तुकडे पावात घालून बरोबर घेतल्याशिवाय आमच्याकडचं कोणी सरहद्द ओलांडत नाही. पलीकडे अन्न मिळतं यावर आमचा अजून पुरता विश्वास नाही. दर माणशी चार. रादिमने एक खाल्ला आणि डबा परत केला.

"बरं नाही का तुला?" विलेमने विचारलं.

"बरं आहे. हल्ली जरा हलकं खातो."

"हलकं?"

"हलकं म्हणजे..." रादिमने खिशातून बदामांची पुडी काढली. पुडीचं लेबल फाडलेलं होतं. विलेम पुढचे दोन बोगदे त्या पुडीकडे बघत राहिला.

संध्याकाळी त्रिएस्तेच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर विलेमने गळ्यातला प्लास्टिकमधला नकाशा उलगडला, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि मान वर केली, तर रादिम रस्ता ओलांडून चालू लागला होता. त्याने कोणाला विचारलं नव्हतं, कुठे थांबला नव्हता, दोन वळणं बरोबर घेतली होती. ग्रात्समध्ये हा माणूस संडासातून बाहेर येऊन चुकीच्या खानावळीत जाऊन बसला होता.

"इकडेच आहे हे कशावरून?" विलेमने धापा टाकत गाठून विचारलं.

"अंदाज," रादिम म्हणाला.

उतरायची जागा एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. खोलीत सहा माणसांचे खालीवर पलंग, आणि दाराशी एक सत्तरीची बाई, सिन्योरा ओंदिना. तिने विलेमचं ओळखपत्र पाहिलं. मग रादिमकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ती भराभर काहीतरी बोलली, आणि मग तिने उजवा हात उचलून आपल्या डोक्याच्या बराच वर, पार दाराच्या चौकटीपाशी, आडवा धरला आणि भुवया उंचावल्या.

"नाही, नाही," रादिम घाईने म्हणाला आणि नको तिथेही सह्या करू लागला.

"काय म्हणत होती?" जिन्यात विलेमने विचारलं.

"कोण? हां, ती. छत उंच आहे म्हणाली."

विलेमने वर पाहिलं. छत खरोखरच उंच होतं.

मीटर वाचणाऱ्या माणसाला एक सवय लागते. आकडा खोटं बोलत नाही, पण घरमालक बोलतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. कुठे पाणी मुरतंय हे तो भिंतीला हात न लावता सांगतो. विलेम तोंड धुवायला न्हाणीघरात गेला, तेव्हा काचेच्या पेल्यात त्याच्या ब्रशाशेजारी रादिमचा ब्रश होता. म्हणजे ब्रशाचं डोकं होतं. मूठ नव्हती. बोटभर उरलेल्या तुकड्याचं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं. सायकलवाल्याचं काम, सफाईदार.

नवऱ्याच्या सदऱ्यावर परका केस सापडलेल्या बाया असतात, तसा विलेम तो ब्रश हातात धरून उभा राहिला. मग त्याने तो पुन्हा पेल्यात ठेवला. आपला ब्रश मात्र काढून पिशवीत घातला.

शुक्रवारी सकाळी दोघं एका कॉफीच्या दुकानात उभे राहिले. त्रिएस्तेत कॉफी मागणं ही साधी गोष्ट नाही. इथे प्रत्येक प्रकाराला गावचं स्वतःचं नाव आहे, आणि बाकीच्या इटलीत ते चालत नाही. विलेमने बोट दाखवून काहीतरी काळं मिळवलं. रादिम काउंटरवर कोपर टेकून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "कापो इन बी."

काचेच्या छोट्या पेल्यात वर फेस आलेली कॉफी आली. दुकानदाराने मान हलवली, जशी गावातल्याच माणसाकडे बघून हलवतात.

"हे कुठे शिकलास?"

"वाचलं कुठेतरी."

"तू?"

"का, मी वाचत नाही?"

"तू सुट्या भागांची यादी वाचतोस, रादिम. त्यात कॉफी नसते."

रादिमने कॉफी संपवली आणि "चल, किल्ला करू या," असं म्हणाला. किल्ला करू या असंही तो सव्वीस वर्षांत प्रथमच म्हणत होता, पण विलेमला एव्हाना कशाचंच कौतुक वाटत नव्हतं. टेकडीवरच्या सान जुस्तोच्या किल्ल्यापर्यंत तो नकाशा न बघता रादिमच्या मागून गेला. रादिम एकदाही चुकला नाही. प्रत्येक न चुकलेलं वळण विलेमला टोचत होतं.

तिकीटखिडकीशी विलेमने ते एक वाक्य उच्चारलं जे आमच्या मंडळातल्या प्रत्येकाला सात भाषांत येतं, जरी त्या भाषांत पाणी मागता येत नसलं तरी : "शिक्का आहे का?" आतल्या मुलीने आधी नाही म्हटलं, मग खण धुंडाळला आणि एक गोल शिक्का काढला. विलेमने वही पुढे केली. शिक्का स्वच्छ उमटला, मधे बुरूज, भोवती अक्षरं. त्याने फुंकर घातली आणि बाजूला झाला. "दे तुझी."

"मला नको," रादिम म्हणाला.

मागे एक जर्मन कुटुंब उभं होतं. त्यांना या क्षणाचं महत्त्व कळायचं कारण नव्हतं.

"नको?"

"नंतर घेईन. वही खाली आहे पिशवीत."

"पिशवी पाठीला आहे तुझ्या."

"तळाशी आहे रे. सोड ना आता."

विलेमने सोडलं. रादिमला 'नको' म्हणताना त्याने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, दुसऱ्या बिअरला, आणि तेव्हा रादिमला कावीळ झाली होती.

दुपारी रादिम पाव आणायला खाली गेला, तेव्हा विलेमने सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्याने रादिमच्या पिशवीत हात घातला. वही तळाशी नव्हती, वरच होती. चाळीसपर्यंत पानं नीट होती; त्यानंतर एकदम त्रेचाळीस. मधलं पान जाडजूड लागत होतं, आणि त्याला पंक्चर काढायच्या सोल्यूशनचा वास येत होता. एकेचाळीस आणि बेचाळीस एकमेकांना चिकटवलेली होती.

त्याने वही खिडकीच्या उजेडात धरली. कागदातून आधी बुरूज दिसला, मग भोवतीची अक्षरं, उलटी. त्याखाली रादिमच्या तिरक्या हस्ताक्षरात तारीख : १५ मार्च. आणि नियमाप्रमाणे आद्याक्षरं. रा. हो., इ. द्रा.

दुसऱ्या देशांतली माणसं चोरून कुठे गेली तर पावती फाडतात, फोनमधला मजकूर पुसतात, शर्ट धुवायला टाकतात. आमचा माणूस चोरून गेला तरी शिक्का घेतल्याशिवाय परत येत नाही. घेतला की तारीख टाकल्याशिवाय त्याला राहवत नाही. आणि तारीख टाकली की सोबत्याचं नाव गाळणं त्याला खोटेपणा वाटतो. मग तो पान फाडत नाही, कारण नियम आहे. तो चिकटवतो.

रादिम पाव घेऊन आला, तेव्हा विलेम पिशवी बंद करून पलंगावर बसला होता. "चल, धक्क्यावर जाऊ," एवढंच म्हणाला.

शहराच्या मुख्य चौकाजवळून एक दगडी धक्का सरळ समुद्रात जातो. त्याला कठडा नाही. गावातले लोक संध्याकाळी त्याच्या टोकापर्यंत चालतात आणि परततात. काही कडेला पाय सोडून बसतात. विलेम रादिमच्या दोन पावलं पुढे टोकापर्यंत गेला. टोकाला पोचल्यावर वळून म्हणाला, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"तू आणि दातवाला. मार्चमध्ये. इथे."

रादिमने पाण्याकडे पाहिलं. "वही उघडलीस माझी?"

"उघडत नव्हती. उजेडात धरली."

"दोन दिवस," रादिम म्हणाला. "शनिवार-रविवार. त्याला एक दंतवैद्यांची सभा होती जवळपास. म्हणाला, गाडीत जागा आहे."

"तुझ्या बायकोला माहीत होतं?"

"तिनेच पिशवी भरून दिली."

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं."

"गावाला कशाला? मंडळाला."

हे खरं आहे. आम्हाला माहीत होतं. मार्चच्या बैठकीत विलेम खुणांच्या रंगाबद्दल बोलत होता आणि आम्ही सगळे रंगाकडे बघत होतो.

"कुठल्या पलंगावर झोपायचा तो?" विलेमने विचारलं.

"अरे, विलेम..."

"सांग."

"खालच्या. वर त्याचे पाय मावत नाहीत."

"मी झोपतो तो?"

रादिमने धक्क्यावरचा एक खडा पायाने पाण्यात ढकलला.

"तोच ना?"

"तोच. चादर बदलतात रे ते!"

"आणि त्या म्हातारीने हात वर केला तो छतासाठी नव्हता."

"नव्हता."

विलेमने दोन्ही हात खिशात घातले. "मग मला कशाला आणलंस इथे? त्याच्यानंतर?"

"गाव आवडलं मला. वाटलं, तुला दाखवावं."

"मग पहिल्यांदा आल्यासारखं का केलंस?"

"खरं सांगितलं असतं तर आला असतास?"

"नसतो आलो."

"मग?"

मुद्दा पटला म्हणून मत्सर थांबतो असं नाही. तो नवीन बाजू शोधतो. विलेमला ती सापडली. "किती चाललात?"

"कोण?"

"तुम्ही दोघं. दोन दिवसांत. किलोमीटर किती?"

"सहा. सात असतील."

"सात?" विलेमचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला. "दोन दिवसांत सात? एवढ्या हलक्या पिशव्या घेऊन? मग करत काय होतात?"

"बसलो होतो."

"कुठे?"

"इथेच. या कडेला."

"काय करत?"

"काही नाही. बसलो होतो, झालं."

"किती वेळ?"

रादिमने जरा आठवून पाहिलं, आणि तो स्वभावाने सरळ असल्यामुळे त्याने आकडा कमी केला नाही. "तीन तास असतील."

सव्वीस वर्षांत ते दोघं एकत्र सर्वांत जास्त बसले होते ते पंचवीस मिनिटं, पोलंडमधल्या एका बसथांब्यावर, गारा पडत होत्या म्हणून. आणि त्यातही विलेम उभा राहून वेळापत्रक वाचत होता.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. यार्मिलाने सगळं ऐकून घेतलं. ती पोस्टात आहे, लोकांची गाऱ्हाणी मधे न बोलता ऐकायची तिला सवय आहे.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "तो काय तुझ्याशी लग्न लावून बसलाय का रे?"

"ठरलं होतं आमचं. नव्व्याण्णव साली."

"आपलं ठरलं होतं त्र्याण्णव साली, भटजीसमोर नसलं तरी नगराध्यक्षांसमोर. त्यानंतर सव्वीस मे महिने तू पिशवी उचलून सवतीकडे जातोस आणि मी पहाटे उठून तुझ्यासाठीही तळते आणि तिच्यासाठीही. दर माणशी चार. मी कधी विचारलं, कुठल्या पलंगावर झोपता म्हणून?"

"रादिम काय सवत आहे?"

"नाही तर काय! आणि आता सवतीला दुसरा मिळाला म्हणून तू माझ्याकडे रडतोयस. झोप जा."

"त्याच पलंगावर?"

"मग वरच्यावर झोप," यार्मिला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो वरच्यावर झोपला. तिथे त्याचे पाय मावत होते, आणि याचंही त्याला बरं वाटलं.

शनिवारचा कार्यक्रम एप्रिलपासून ठरलेला होता : शहरामागच्या पठारावर चढून कड्याच्या वाटेने चौदा किलोमीटर, मग दुसऱ्या बाजूने खाली आणि परत शहरात, एकूण सव्वीस. रेघ आखलेली, पाण्याच्या जागा निळ्या शाईने दाखवलेल्या. सकाळी रादिम बूट बांधत असताना विलेम म्हणाला, "ते रद्द."

"काय रद्द?"

"वाट. आज बसायचं."

रादिमच्या हातातली नाडी तशीच राहिली. विलेमने आखलेली रेघ रद्द केल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. ल्युबेकला विलेमला ताप होता तेव्हासुद्धा रेघ चालली होती, विलेमसकट. "कुठे बसायचं?"

"जिथे तुम्ही बसलात तिथे."

ते नऊ वाजून वीस मिनिटांनी बसले. वारा होता. त्रिएस्तेचा वारा डोंगरावरून उतरतो आणि माणसाच्या टोपीबद्दल त्याचं स्वतःचं मत असतं, पण त्या दिवशी तो माफक होता. समोर दोन शिडाच्या होड्या होत्या आणि दूर एक मालवाहू जहाज, जे हलत होतं की नाही हे ठरवायला विलेमने त्याच्या मागची खूण धरून ठेवली. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मागे टेकले, मग पुन्हा गुडघ्यांवर.

"छान आहे ना?" रादिम म्हणाला.

"हो."

थोड्या वेळाने विलेम म्हणाला, "त्याच्याबरोबर बोलत होतास का?"

"कधी कधी. बहुतेक नाही."

"कशावर?"

"आठवत नाही, बाबा. माशांवर."

विलेमने पाण्यात मासे शोधले. एक दिसला. "तो बघ मासा," तो म्हणाला.

"हं."

किती वेळ झाला ते रादिमने विचारलं नव्हतं, पण विलेमने सांगितलं, "अठरा मिनिटं."

"घड्याळ बघू नकोस ना."

"मग कळणार कसं?"

"कळायचं नसतंच रे, विलेम. तेच तर..." रादिमने वाक्य सोडून दिलं. त्याला दातवाल्याबरोबर बसणं सोपं गेलं होतं, याचं कारण दातवाला त्या वेळी त्याच्याबरोबर बसलेला नव्हता. तो नुसता बसला होता. विलेम रादिमबरोबर बसला होता, पूर्ण ताकदीनिशी, आणि ते शेजारी सोसणं अवघड होतं. दहा वाजता रादिम उठला.

"कॉफी पिऊन येतो. तुला आणू?"

"नको. इथेच आहे मी."

जाताना चौकामागच्या गल्लीत रादिमला एक सायकल दुरुस्तीचं दुकान दिसलं. आतला माणूस एक जुनं गिअर खोलून बसला होता आणि चुकीच्या बाजूने खोलत होता. रादिमला भाषा येत नव्हती, पण ते सोसवेना. तो आत गेला. अर्ध्या तासात दुकानाच्या दाराशी चार-पाच माणसं काही ना काही कारण काढून उभी होती.

धक्क्यावर विलेमने हिरवी पाठपिशवी उचलून रादिमच्या जागेवर ठेवली होती. अकराच्या सुमारास एका म्हाताऱ्याने काठीने पिशवीकडे खूण करून विचारलं, जागा आहे का. विलेमने त्याला आपल्या भाषेत, सावकाश, सांगितलं की ती जागा एका माणसाची आहे आणि तो येतोय. म्हातारा पुढे गेला. ऊन चढलं. विलेमची मान भाजली, डावा पाय बधिर झाला, तो कुत्र्याने चावलेला. जहाज हलतच होतं. एव्हाना त्याची मागची खूण सुटली होती आणि विलेमने नवीन धरली होती. बारा वाजून वीस मिनिटांनी तीन तास झाले. तो उठला नाही. पुढे कधी वाद नको, म्हणून त्याने वर पंधरा मिनिटं दिली. बारा पस्तीसला तो उठला, पाय झटकला, पिशवी पाठीला लावली आणि मित्राला शोधायला निघाला.

जूनच्या सभेत विलेमने नेहमीप्रमाणे उभं राहून अहवाल वाचला. परदेश सहल, चार दिवस. सहभाग : पूर्ण, दोन सदस्य. वातावरण : मैत्रीपूर्ण. शनिवारी पठारावरील वाट सदस्यांच्या एकमताने रद्द करून समुद्रधक्क्यावर संयुक्त बैठक घेण्यात आली. कालावधी तीन तास पंधरा मिनिटे, जो या ठिकाणी मंडळाच्या कोणत्याही दोन सदस्यांनी आजवर नोंदवलेल्या कालावधीपेक्षा अधिक आहे. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून दातवाल्यानेही वाजवल्या, आणि उंच असल्यामुळे त्याचे हात सगळ्यांना दिसले. अहवाल एकमताने मंजूर होऊन दप्तरी दाखल झाला.

रादिम त्यांतली चाळीस मिनिटं होता.